विकायच्या घरावर किती खर्च करावा?

जुना फ्लॅट विकायला काढला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, आहे तसा विका. घेणारा नाहीतरी सगळं उचकटून आपल्या मनासारखं करणार. दुसरा म्हणतो, पाच-सहा लाख घाला, दहा लाख जास्त येतील. आमच्याकडे हे दोन तट म्हणजे काका आणि वहिनी. काका सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. भिंतीवर बोटाने टकटक करून आत काय झालंय ते सांगणारे. वहिनी बँकेच्या गृहकर्ज विभागात. घर घेणाऱ्यांच्या पगाराच्या स्लिपा रोज तिच्या टेबलावर असतात. प्रश्न आहे आईच्या कोथरूडमधल्या टू बीएचकेचा. इमारत १९८८ सालची, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आईच्या गुडघ्यांना आता ते जिने झेपत नाहीत. ती दादा-वहिनीकडे राहायला गेली आणि फ्लॅटला कुलूप लागलं.

बऱ्याच घरांत हा वाद रंग कुठला द्यायचा इथेच अडकतो. या दोघांचा त्याच्या बराच पुढे गेला, म्हणून लिहून काढला.

वहिनी : काका, आत्ता त्या घरात पाऊल टाकलं की काय दिसतं? हॉलच्या भिंतीचे पोपडे, स्वयंपाकघरात कडाप्प्याचा काळा ओटा, बाथरूममध्ये पस्तीस वर्षांपूर्वीच्या निळ्या टाइल्स. बघणारा दारातच मनातल्या मनात पाच लाख कापतो. रंगारी म्हणालाय, डॅम्पप्रूफचे दोन हात मारतो, वर पुट्टी भरतो, भिंत नव्यासारखी होईल.

काका : होईल की. एक पावसाळा जाऊ दे, मग बघ. अगं, ते पोपडे रंग जुना झाला म्हणून निघालेले नाहीत. त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे. पोपडे जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंतच आहेत, वर भिंत ठणठणीत आहे. म्हणजे पाणी खालून चढतंय. नहाणी ट्रॅपच्या भोवतीचा सांधा तरी गेलाय, नाहीतर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग तरी. विटेतलं पाणी आपल्याबरोबर क्षार घेऊन येतं. पाणी हवेत उडून जातं, क्षार रंगाच्या मागे साठतात आणि फुगून रंगाला बाहेर ढकलतात. बोट फिरवलंस तर पांढरी भुकटी हाताला लागते, तो लोणा. तू पुढून पुट्टीने तोंड बंद केलंस तर पाणी थांबत नाही, आणखी फूटभर वर जाऊन बाहेर पडतं.

वहिनी : पण तोवर घर विकलं गेलेलं असेल.

काका : हे तू बोलतेस?

वहिनी : मी बोलत नाहीये, लोक काय करतात ते सांगतेय. माझ्याकडे अशी प्रकरणं येतात. घर घेतलं, वास्तुशांत झाली आणि पहिल्याच पावसाळ्यात कपाटामागची भिंत काळी पडली. मग दोन घरांचं कायमचं वाकडं.

काका : नुसतं वाकडं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम ५५ वाच. जो मोठा दोष विकणाऱ्याला माहीत आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत दिसणार नाही, तो सांगणं विकणाऱ्याचं काम आहे. आपल्याला माहीत आहे. खालच्या काकू चार वर्षं सांगतायत की त्यांच्या बाथरूमच्या छताला डाग पडलाय. पुट्टी मारून गप्प बसलो तर ती शुद्ध फसवणूक झाली.

इथे मी काकांच्या बाजूने उभी आहे आणि मधलं काही मला मान्य नाही. रंगाने घर सजवावं, पण दोष झाकण्यासाठी रंग वापरला तर ज्या माणसाने आयुष्यभराची पुंजी आपल्या हातात ठेवली त्याच्याशी आपण खोटं बोलतो. विक्रीपूर्वीच्या कामांची यादी करताना पहिली चाळणी हीच हवी: या कामाने दोष जातो, की नुसता दिसेनासा होतो?

वहिनीने हा मुद्दा सोडला नाही, उलट तिथूनच आपलं म्हणणं पुढे नेलं.

वहिनी : बरं, मग ओल काढायची म्हणजे नेमकं काय करायचं?

काका : बाथरूम उकरायचं. टाइल्स काढायच्या, खाली संकमध्ये भरलेला राडारोडा बाहेर काढायचा. त्या काळातले जीआय पाइप आतून गंजून निम्मे बंद झालेले असतात, ते काढून सीपीव्हीसी टाकायचे. नवीन ट्रॅप बसवायचा, स्लॅबवर आणि भिंतीला फूट-दीड फूट वर वॉटरप्रूफिंग करायचं. आणि मग, टाइल्स लावायच्या आधी, पाणी कोंडून ठेवायचं. अठ्ठेचाळीस तास. खालच्या घरी जाऊन छताकडे बघायचं. ठेकेदार म्हणेल, साहेब काही गरज नाही. गरज आहे. त्या अठ्ठेचाळीस तासांशिवाय बाकीच्या कामाला अर्थ नाही.

वहिनी : हा खर्च सोसायटीने करायला नको का?

काका : बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीतून पाणी येत असेल तर सोसायटी. घरातल्या संडास-बाथरूममधून झिरपत असेल तर आपण. उपविधींत स्पष्ट आहे.

वहिनी : म्हणजे टाइल्स निघणारच आहेत. मग नव्या लागणारच आहेत. मग नळ, बेसिन, कमोडही त्याच वेळी. काका, तुम्ही तुमच्याच तोंडाने माझं नवं बाथरूम मंजूर केलंत.

काका : केलं. पण साधं. फिक्या रंगाच्या, पाय न घसरणाऱ्या टाइल्स, बाजारात सहज मिळणारे नळ. काचेचं पार्टिशन आणि छतावरचा शॉवर नको. ती ज्याची त्याची आवड.

बाथरूमचं असं पटकन मिटलं. खरी चकमक झाली ती स्वयंपाकघरावरून. आणि तिथे मला कळलं की वहिनीचा आग्रह सजावटीच्या हौसेतून आलेला नाही.

काका : ओट्याला हात लावायची गरज नाही. चांगला जाड कडाप्पा आहे, आणखी तीस वर्षं जाईल. घेणारा आला की त्याला मॉड्युलर किचन करायचं असतं, ट्रॉल्या त्याच्या मापाच्या, रंग त्याच्या बायकोच्या पसंतीचा. आपण तीन लाख घालून केलेलं तो सहा महिन्यांत फोडणार.

वहिनी : तुमच्या डोळ्यासमोर पैसेवाला गिऱ्हाईक आहे. माझ्या टेबलासमोर कोण बसतं ते सांगते. तिशीतलं जोडपं, दोघंही नोकरीला, सध्या भाड्याने राहणारं. समजा आपलं घर नव्वद लाखांना ठरलं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंच्याहत्तर लाखांच्या कर्जात आम्ही किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच जाऊ शकतो. म्हणजे बहात्तर लाख आमचे, अठरा लाख त्यांचे. पुण्यात मुद्रांक शुल्क अधिभार धरून ७ टक्के, बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर ६. सात धरले तर सहा लाख तीस हजार. नोंदणीचे तीस हजार. हे खर्च घराच्या किमतीत धरून त्यावर कर्ज देता येत नाही. झाले चोवीस लाख साठ हजार, रोख. शिवाय एजंटची दलाली. एवढे उभे करताना त्यांच्या एफडी मोडलेल्या असतात, सासू-सासऱ्यांकडून उसने घेतलेले असतात. त्यांना तुम्ही सांगता, ओटा तुमच्या पसंतीने करा. कशाने करतील? कर्जाचा हप्ता चालू झालेला असतो आणि काम पुरं होईपर्यंत जुन्या घराचं भाडंही चालू असतं. अशा जोडप्याला चावी घेऊन त्याच आठवड्यात राहायला जाता येईल असं घर हवं असतं, आणि त्यासाठी ते थोडे जास्त मोजतातही.

काका : मोजतील. पण कुठून? आपण तीन लाखांचं किचन केलं आणि किंमत चार लाखांनी वाढवली, तर त्या वाढलेल्या चार लाखांवर तुझी बँक कर्ज देईल का?

वहिनी जरा थांबली.

वहिनी : करारातली किंमत आणि आमच्या मूल्यांककाने काढलेली किंमत, यात जी कमी असेल ती आम्ही धरतो. मूल्यांकक बघतो ते चटई क्षेत्र, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट आहे का, आजूबाजूला अलीकडे कितीला व्यवहार झाले. ट्रॉल्यांचा तो फारसा विचार करत नाही.

काका : म्हणजे ते चार लाख...

वहिनी : बरेचसे त्यांच्या खिशातून. हो. ज्या खिशात काही उरलेलं नाही असं मीच आत्ता सांगितलं.

काका : शासनाच्या मूल्यदर तक्त्यातही तुझ्या किचनला रकाना नाही.

घर विकण्यापूर्वीच्या सुधारणांची मेख इथे आहे, आणि दलाल किंवा इंटिरियरवाले ही गोष्ट सांगत नाहीत. तयार घराची गरज ज्याला सगळ्यात जास्त, त्यालाच त्या तयारीचे पैसे वेगळे मोजणं सगळ्यात जड जातं. म्हणून घातलेला पैसा व्याजासकट किमतीत परत येईल या हिशेबाने खर्च करू नये. खर्च करावा तो घर अडकून पडू नये म्हणून, आणि बघायला आलेल्याला आपण इथे राहायला येऊ शकतो असं वाटावं म्हणून. तेवढ्यासाठी मॉड्युलर किचन लागतं का? वहिनीलाही आता तसं वाटत नव्हतं, पण ती माघार घेणारी नाही.

वहिनी : ठीक आहे, किचन राहू दे. पण घर वापरता तरी आलं पाहिजे. आज ओट्यावर एकच प्लग आहे. मिक्सर लावायचा तर वॉटर फिल्टर काढावा लागतो. मायक्रोवेव्ह, ओव्हन, चिमणी कुठे लावणार? सिंकचा पाइप गळतो, खालचा कप्पा कुजलाय.

काका : यात मी तुझ्या पुढे एक पाऊल. मीटरजवळ अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. आईंनी सांभाळून वापरले म्हणून भागलं. एसी, गीझर, इंडक्शन एकदम चालू केले तर त्या तारा तापतील. सगळं वायरिंग बदलायचं, एमसीबी बसवायचे, शॉक लागला तर वीज तोडणारा आरसीसीबी बसवायचा. हे फोटोत दिसणार नाही, किमतीतही दिसणार नाही. तरी करायचं.

वहिनी : आणि ओट्याखाली साधी दारं?

काका : ती नको.

वहिनी : चाळीस हजारांत होतील.

काका : आधी वायरिंग.

फरशीचं कुणी काही बोलेना, तेव्हा मीच विचारलं. जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स चिकटवून द्यायचा सल्ला एजंटने दिला होता. काकांनी तो उडवून लावला: वरून टाइल लावली की दारं खालून तासावी लागतात, उंबऱ्याशी पायरी होते, आणि जुन्या स्लॅबवर विनाकारण वजन वाढतं. मोझॅकला मशीनने घासून पॉलिश केलं की आतल्या संगमरवरी खड्यांचा रंग वर येतो. एका कोपऱ्यात त्यांनी हातभर जागा घासून घेऊन दाखवली. मळकट करड्या रंगाखाली पिवळे आणि विटकरी ठिपके होते. ही फरशी लहानपणी अशी दिसायची हे मी विसरले होते. वहिनीनेही लगेच मान्य केलं.

बाल्कनीच्या बाबतीत दोघांनी बाजू बदलल्यासारखं झालं. बाबांनी हॉलला लागून असलेली गच्ची कधीतरी ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केली होती आणि तिथे आमची अभ्यासाची खोली झाली.

काका : तिथे छताला पीओपी आणि एक दिवा लावला तर छान खोली दिसेल.

वहिनी : एक रुपया घालायचा नाही. मंजूर नकाशात ती उघडी गच्ची आहे. आमचा मूल्यांकक नकाशा हातात घेऊन येतो आणि अहवालात लिहितो, बांधकामात बदल. मग कर्जाची फाइल शेरे मारत फिरते. ती खोली म्हणून दाखवायचीच नाही. जाहिरातीत 'अडीच बीएचके' तर मुळीच लिहायचं नाही. घेणाऱ्याने विचारलं तर सांगायचं, गच्ची आहे, झाकलेली आहे, नकाशात उघडी आहे.

काका : हे बरोबर.

वहिनी : आणि आता मला खरी दुरुस्ती कुठली ते सांगू द्या. भागदाखल्यावर अजून बाबांचं नाव आहे. आई नॉमिनी आहेत, पण नॉमिनी म्हणजे एकट्या मालक नव्हेत. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणजे आई आणि दोन्ही मुलं वारस. तिघांनी विकायला सह्या करायच्या, नाहीतर मुलांनी आईंच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवायचं. सोसायटीच्या दप्तरी नाव बदलून घ्यायचं. मूळ नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, भोगवटा प्रमाणपत्र, मिळकतकराच्या पावत्या, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र, हे सगळं एका फाइलमध्ये हवं. सोसायटीने बिल्डरकडून कन्व्हेयन्स करून घेतलंय की मानीव अभिहस्तांतरण, तेही विचारायचं. माझ्या अनुभवात ओट्यावरून मोडलेला व्यवहार मी बघितलेला नाही. कागदावरून अडकलेले ढिगाने बघितलेत. विसार घेतलेला असतो, कर्ज मंजूर असतं, आणि एका सहीसाठी चार महिने जातात.

काका यावर काही बोलले नाहीत. त्यांच्या वहीत बाथरूमच्या आधी एक ओळ घातली गेली. मला वाटतं, विकायच्या घराच्या यादीत हे काम सगळ्यात वर हवं, आणि ते करायला गवंडी लागत नाही म्हणूनच ते सगळ्यात मागे राहतं.

मग पुनर्विकासाचा विषय निघाला. कोथरूडमध्ये तो निघाल्याशिवाय राहत नाही. ऐंशीच्या दशकातल्या तीन मजली इमारती पाडून तिथे बारा-चौदा मजले उभे राहतायत.

काका : इमारत तीस वर्षांपुढची आहे. आता दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं. मागच्या वार्षिक सभेत पुनर्विकासाचा विषय झाला होता. २०१९ च्या शासन निर्णयाने आता ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. जी इमारत चार वर्षांत पाडायची, तिच्यात पॉलिश तरी कशाला? घेणारा चटई क्षेत्र मोजेल आणि नव्या इमारतीत किती मिळेल याचा हिशेब करेल.

वहिनी : सभेत विषय होणं आणि इमारत पाडली जाणं यात दहा वर्षंही जातात. आमच्याच गल्लीत तिसरा बिल्डर चाललाय. तोवर तिथे कुणीतरी अंघोळ करणार, स्वयंपाक करणार. त्यांना काय म्हणून गळकं बाथरूम द्यायचं?

काका : गळकं देऊ नये. एवढंच म्हणतो की काम त्या दहा वर्षांपुरतं करावं, तीस वर्षांपुरतं नको.

हा मला या सगळ्या चर्चेतला उपयोगी मोजमापाचा धागा वाटला. इमारतीचं उरलेलं आयुष्य आधी विचारायचं आणि मग सामान निवडायचं. सोसायटीने विकासकाशी करार केलेला असेल तर फ्लॅटच्या आत एक टाइलही बदलू नये. नुसती कुजबुज असेल तर पाणी आणि वीज नीट करावी, बाकी सोडून द्यावं. आणि सभेत काय ठरलं त्याची प्रत घेणाऱ्याला दाखवावी, चढवून सांगू नये.

करसवलतीचा मुद्दा दादाने फोनवरून काढला: सुधारणेचा खर्च भांडवली नफ्यातून वजा होतो ना, मग करून टाकू. वहिनीने त्याला तिथल्या तिथे हिशेब सांगितला. रंगरंगोटी आणि किरकोळ दुरुस्ती त्यात धरत नाहीत. घरात कायमची भर घालणारं काम धरतात, तेही पक्क्या पावत्या असतील तर. घर २००१ च्या आधीचं असल्यामुळे १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत मूळ खर्च म्हणून घेता येते, त्याच्या आधी बाबांनी केलेली ग्रिलं आणि कपाटं वेगळी मोजता येत नाहीत. २३ जुलै २०२४ पासून निर्देशांक न धरता १२.५ टक्के किंवा, त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, निर्देशांक धरून २० टक्के, जो कर कमी पडेल तो. दीड लाखाच्या कामावर साडेबारा टक्क्यांनी वाचतात अठरा हजार सातशे पन्नास. एवढ्यासाठी कुणी दीड लाख घालवत नाही. पावत्या मात्र जपून ठेवायच्या.

राहिला मुहूर्त. पावसाळ्यात भिंत वाळत नाही आणि पितृपक्षात कुणी विसार देत नाही, तेव्हा बाथरूमचं काम दिवाळीनंतर काढायचं, भिंत हिवाळ्यात सुकू द्यायची, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला घर दाखवायला सुरुवात करायची असं ठरलं. भिंतींना एकच फिका रंग. खिडक्यांची चॅनेल साफ करून रबर बदलायचं. आईचं लोखंडी कपाट आणि माळ्यावरची भांडी आधी हलवायची. रिकाम्या खोलीत उजेड जास्त येतो हे दोघांनाही मान्य आहे.

बघायला येणाऱ्याला ओलीबद्दल काय सांगायचं, यावर शेवटी थोडं बोलणं झालं.

वहिनी : दुरुस्त झाल्यावरही सांगायचं? शंका येईल.

काका : प्लंबरचं बिल, उकरलेल्या बाथरूमचे फोटो आणि पाणी कोंडल्याच्या तारखा फाइलमध्ये लावायच्या. आधी गळत होतं, हे केलं, आता गळत नाही. खालच्या काकूंचं दार वाजवून विचारा म्हणावं.

वहिनी : फाइलमध्ये लावू. कागद असला की माझ्या बँकेलाही बरं पडतं. पण ओट्याखालची दारं मी करून घेणार आहे, चाळीस हजार माझे.

काका : तुझे कशाला? आईंच्या पैशातून नको म्हणतोय मी, कारण ते परत येणार नाहीत.

वहिनी : नसतील येत. पण कुणीतरी नवी मुलगी त्या घरात पहिल्या दिवशी चहा करणार, तिला कुजलेला कप्पा दिसायला नको.

काकांनी यावर होही म्हटलं नाही आणि नाहीही. सुताराला माप घ्यायला रविवारी बोलावलं आहे, आणि त्याच वेळी काका इलेक्ट्रिशियनला घेऊन येणार आहेत.